कुणी पाहिलंच नाही, मग जामीन का नाही?

मी जबलपूरच्या अधारताल भागातून बोलतेय. ज्यांनी जबलपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांनी बांधवलेल्या तलावावरून या वस्तीला हे नाव पडलं, असं इथे सगळे सांगतात. घरात मराठी, कोर्टात हिंदी आणि इंग्रजी, असा माझा दिवस जातो. मी फौजदारी वकिली करते. कधी आरोपीकडून उभी राहते, कधी मृताच्या घरच्यांकडून.

त्यामुळे दोन प्रश्न मला सारखे ऐकू येतात. आरोपीची आई विचारते, "ताई, मारताना कुणी पाहिलंच नाही, मग माझ्या मुलाला जामीन का मिळत नाही?" आणि मृताचा भाऊ विचारतो, "ताई, खुनाचा गुन्हा आहे, मग तो बाहेर आलाच कसा?" प्रश्न उलटसुलट वाटतात, पण दोघांच्या मनातला गोंधळ एकच असतो. जामिनाचा निकाल म्हणजे खटल्याचा निकाल, असं दोघंही धरून चालतात. आज हा गोंधळ थोडा सोडवू या.

आधी परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे काय ते पाहू. खून होताना पाहणारा साक्षीदार असेल तर तो प्रत्यक्ष पुरावा. तसा कुणी नसेल, पण आजूबाजूच्या गोष्टी एका माणसाकडे बोट दाखवत असतील, तर तो परिस्थितीजन्य पुरावा. शेवटचं कुणाबरोबर पाहिलं, भांडण कशावरून होतं, हत्यार कुठे सापडलं, मोबाइल कुठे होता, कपड्यांवर रक्त कुणाचं, या सगळ्या कड्या. कड्या जुळल्या तर साखळी होते.

या साखळीचा कायदा घडण्यात मराठी मुलखाचा मोठा वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरचा पायाभूत निकाल म्हणजे हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, २३ सप्टेंबर १९५२. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती आणि नरगुंदकर राज्याचे आबकारी आयुक्त होते. प्रकरण खुनाचं नव्हतं. आमच्या जबलपूरपासून जवळच असलेल्या सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्याचं होतं. टेंडरं आधीच एका ठेकेदाराला दाखवली आणि नंतर मागची तारीख घालून खोटं पत्र तयार केलं, असा आरोप होता. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नव्हता. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली, नागपूर हायकोर्टानं ती कायम ठेवली, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं.

त्या निकालात इंग्लंडमधल्या १८३८च्या एका खटल्याची आठवण काढली आहे. तिथल्या न्यायाधीशानं ज्युरीला सावध केलं होतं, की माणसाच्या मनाला गोष्टी एकमेकींशी जुळवायला आवडतं, आणि जिथे जुळत नाहीत तिथे ते थोडं ताणूनही घेतं. हुशार माणूस तर जास्तच ताणतो. चहाच्या टपरीवर एखाद्या खुनाची चर्चा ऐका, म्हणजे हे लगेच पटेल. दोन तासांत तिथे खटला चालतो आणि निकालही लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला आलं. नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच इथले पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. म्हणजे नागपूरकर आणि जबलपूरकर वकील एकाच आजोबांची नातवंडं आहेत.

दुसरा मोठा निकाल पुण्याचा, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १७ जुलै १९८४. लग्नाला चार महिने झालेली तरुणी जून १९८२मध्ये पोटॅशियम सायनाइडच्या विषानं मरण पावली. पतीला सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, मुंबई हायकोर्टानं ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. तिथे पाच कसोट्या सांगितल्या गेल्या. वकील त्यांना पंचशील म्हणतात. एक, प्रत्येक कडी पूर्ण शाबीत झाली पाहिजे. 'झालं असेल' आणि 'झालंच आहे' यांत मोठं अंतर आहे. दोन, शाबीत झालेल्या गोष्टी फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळल्या पाहिजेत. तीन, त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. चार, दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये. पाच, साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असेल असं म्हणायला वाजवी जागाच राहू नये.

आता आरोपीची आई म्हणेल, मग हेच पंचशील जामिनाला लावा. अडचण इथेच आहे. पंचशील खटल्याच्या शेवटी लागतं, जेव्हा साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, प्रयोगशाळेचा अहवाल आला. जामीन मागितला जातो सुरुवातीला. तेव्हा न्यायाधीशांपुढे असते केस डायरी, किंवा आमच्याकडे ज्याला चालान म्हणतात ते आरोपपत्र. तपासलेला असा एकही साक्षीदार नसतो. साखळी ओढून पाहायची वेळ आलेलीच नसते.

एक उदाहरण घेऊ. हे मी रचलेलं आहे, पण असे कागद कोणत्याही फौजदारी वकिलाच्या टेबलावर सापडतील. समजा, अधारतालात दोन मित्रांचं मोटर वाइंडिंगचं भागीदारीतलं दुकान आहे. एके सकाळी त्यातल्या एकाचं प्रेत मोकळ्या प्लॉटवर सापडतं, डोक्यावर जखम. दुसऱ्याला अटक होते. चालानात चार गोष्टी आहेत.

पहिली, चहावाला म्हणतो की रात्री नऊला दोघांना एकत्र जाताना पाहिलं. याला आम्ही 'लास्ट सीन' म्हणतो. वैद्यकीय मत असं की मृत्यू पहाटे तीनच्या सुमाराचा. मध्ये सहा तास गेले. सर्वोच्च न्यायालय अनेकदा सांगत आलं आहे की एकत्र दिसणं आणि मृत्यू यांतलं अंतर इतकं कमी हवं की मध्ये तिसरा माणूस येण्याची शक्यताच उरू नये. नऊ आणि तीनमध्ये पुष्कळ काही घडू शकतं.

दुसरी, आरोपीनं पोलिसांना सांगितलं आणि झुडपातून लोखंडी पाना जप्त झाला. आमच्याकडे या जबाबाला मेमोरेंडम म्हणतात. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही. येतो तो फक्त माहितीचा तेवढा भाग, ज्यामुळे वस्तू सापडली. प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून हे पक्कं आहे. 'पाना कुठे आहे हे त्याला माहीत होतं' एवढंच त्यातून निघतं. त्या पान्यानं खून झाला की नाही, हे वेगळं दाखवावं लागतं. जागा उघडी असेल, कुणीही जाऊ शकत असेल, तर कडी आणखी पातळ होते.

तिसरी, मोबाइल. दोघांचे फोन रात्री एकाच टॉवरखाली होते. ऐकायला भारी वाटतं. पण दोघंही अधारतालातच राहतात! झोपले असते तरी त्याच टॉवरखाली असते. टॉवर परिसर सांगतो, घर सांगत नाही, प्लॉट तर नाहीच. शिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्यानुसार प्रमाणपत्र लागतं. हा मुद्दा २०२०मध्ये पक्का झाला तोही मराठी माणसांच्याच प्रकरणात, जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल.

चौथी, हेतू. दोघांत ऐंशी हजार रुपयांवरून भांडण झालं होतं. हेतू उपयोगी कडी आहे, पण पैशांवरून भांडणारे सगळेच खून करत नाहीत. आणि रक्ताचा अहवाल? प्रयोगशाळेत. यायचा आहे.

आता सांगा, जामीन द्यायचा की नाही?

न्यायाधीश इथे दोन पायांवर चालतात. पहिला पाय म्हणजे प्रथमदर्शनी काय दिसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली. तिचं कलम ४८० सांगतं की मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोपी दोषी असल्याचं मानायला वाजवी आधार दिसत असेल, तर साधारणपणे सोडायचं नाही. स्त्री, बालक, आजारी किंवा अशक्त व्यक्ती यांच्याबाबत कोर्टाला मोकळीक आहे. सत्र न्यायालय आणि हायकोर्टाचे अधिकार कलम ४८३मध्ये आहेत, ते अधिक रुंद आहेत. पण खुनाच्या प्रकरणात तिथेही हा विचार नजरेआड होत नाही. दुसरा पाय म्हणजे पुढे काय होईल. आरोपी पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुन्हा गुन्हा करेल का, पूर्वीचा इतिहास काय.

पहिल्या पायावर किती जोर द्यायचा, याला मर्यादा आहे. १९८०चा निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर राजाराम खरोटे हा महाराष्ट्रातला खटला पाहा. खुनाचा आरोप पोलिसांवरच होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की जामिनाच्या आदेशात पुराव्याची सविस्तर चिरफाड टाळावी, नाहीतर आपला खटला आताच संपला असं एखाद्या पक्षाला वाटेल. दुसरीकडे, २००४च्या कल्याणचंद्र सरकार निकालानं सांगितलं की गंभीर गुन्ह्यात जामीन देताना प्रथमदर्शनी कारणं लिहिलीच पाहिजेत. चिरफाड नको, पण कारण हवं. या दोहोंमधली वाट अरुंद आहे.

माझं म्हणणं या वाटेबद्दलच आहे. परिस्थितीजन्य खटल्यात न्यायाधीशांनी साखळी ओढून पाहू नये, हे बरोबर. पण कड्या मोजायला काय हरकत आहे? प्रत्येक कडीला एकच प्रश्न विचारायचा: ही कडी आज कागदावर आहे का, की नंतर येईल असं नुसतं सांगितलं जातंय? आमच्या उदाहरणात रक्ताचा अहवाल ही येणारी कडी आहे, टॉवर ही नावापुरती कडी आहे, आणि 'लास्ट सीन'ला सहा तासांचं भगदाड आहे. एवढं दोन ओळींत लिहिता येतं. त्यात कुणी खोटं बोलतंय असं ठरत नाही आणि खटल्याच्या न्यायाधीशांचे हातही बांधले जात नाहीत.

याच मोजणीत उलटं उत्तरही निघू शकतं, हे आरोपीच्या घरच्यांनी ऐकावं. परिस्थितीजन्य म्हणजे दुबळा, असा गैरसमज फार पसरलेला आहे. २००६चा त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल घ्या. सासरच्या घरात विवाहितेचा मृत्यू झाला. चार भिंतींच्या आत घडलेल्या गुन्ह्याला बाहेरचा साक्षीदार येणार कुठून? अशा वेळी घरात असलेल्या माणसानं काय घडलं ते सांगायला हवं. तो गप्प राहिला किंवा त्यानं खोटं कारण दिलं, तर ती साखळीतली आणखी एक कडी होते. शिक्षा कायम झाली. अर्थात सरकारी पक्षानं आधी आपल्या कड्या उभ्या करायच्या असतात. आरोपीचं मौन रिकाम्या जागेवर साखळी बांधू शकत नाही. पण दार आतून बंद, घरात दोघंच, गळ्यावर व्रण, आणि 'साप चावला' असं सांगितलं गेलं असेल, तर जामिनाच्या टप्प्यावरही चित्र गडद असतं. साक्षीदार नाही म्हणून जामीन मागणाऱ्याला तिथे उत्तर नकारार्थीच मिळतं, आणि ते योग्य आहे.

दुसऱ्या पायाबद्दलही थोडं. परिस्थितीजन्य खटल्यात पुष्कळ पुरावा कागदाचा असतो: फोनच्या नोंदी, शवविच्छेदन, जप्तीपत्रक, प्रयोगशाळा. तो जप्त झाल्यावर आरोपी बाहेर आला म्हणून बदलत नाही. पण चहावाला बदलू शकतो. पंच फितूर होऊ शकतात. साखळीतली एकच जिवंत कडी गल्लीतला शेजारी असेल, तर त्याच्यावरचा दबाव हा खरा धोका आहे. म्हणून मृताकडून उभी असते तेव्हा मी 'गुन्हा भयंकर आहे' यावर वेळ घालवत नाही. कोणता साक्षीदार कुठे राहतो, आरोपीच्या घरापासून किती अंतरावर, त्याला आधी कुणी काही म्हटलं का, हे मांडते. मृताच्या घरच्यांना ऐकून घेण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात जामीन रद्द करताना स्पष्ट केलं आहे. तो वापरा.

आता वेळेकडे येऊ, कारण खरी वेदना तिथे आहे. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत चालान आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. चालान आलं की ती वाट बंद. कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा ठरावीक भाग भोगला की सुटकेची तरतूद कलम ४७९मध्ये आहे, पण मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ती लागू नाही. मग उरतो संविधानाचा अनुच्छेद २१. जुलै २०२४मध्ये जावेद गुलाम नबी शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गुन्हा कितीही गंभीर असो, लवकर खटला चालवण्याचा हक्क शिल्लक राहतो. सरकारला तो देता येत नसेल तर नुसत्या गांभीर्यावर जामिनाला विरोध करू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयानं सांगितलं की खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत खटला सुरू होऊन साक्षी चालू झाल्या की कोर्टानं साधारणपणे जामिनाला हात घालू नये. दोन्ही एकत्र वाचा. साक्षी खरोखर चालू असतील तर थांबा. खटला नुसता तारखांवर झुलत असेल तर स्वातंत्र्याचा विचार करा.

जबलपूरमध्ये बसून स्वातंत्र्याबद्दल बोलताना एक नाव टाळता येत नाही. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'एडीएम जबलपूर' माहीत असतं. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते, असं इथल्या हायकोर्टानं म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते उलटवलं. तो एक आवाज न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा. २०१७मध्ये पुट्टस्वामी निकालानं ते बहुमत चूक ठरवलं. खुनाचा जामीन आणि आणीबाणीची स्थानबद्धता या गोष्टी वेगळ्या आहेत, हे खरं. पण गजाआडच्या माणसाला कोर्टाकडून कारण ऐकायचा हक्क आहे, हा धागा एकच आहे.

जामीन मंजूर झाला तरी काम संपत नाही. कारण मग जामीनदार लागतो. आमच्याच राज्यातला मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, १९७८. मोतीराम गवंडी होता. सुटकेचा आदेश झाला होता, पण मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. कृष्ण अय्यर यांनी ती अट मोडून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. एका भारतीयानं दुसऱ्या भारतीयासाठी उभं राहायला जिल्ह्याची हद्द आड का यावी, असा तो प्रश्न होता. तुमच्यापैकी जे आपल्या राज्याबाहेर राहतात, ज्यांचे नातेवाईक अमरावतीला आणि अटक जबलपूरला, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

शेवटी, दोन्ही घरांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

आरोपीच्या घरच्यांनो, चालानाची पूर्ण प्रत मिळवा आणि प्रत्येक कडी वेगळ्या कागदावर लिहा. वकिलाला 'तो असं करूच शकत नाही' हे सांगून उपयोग नाही. नऊ ते तीनमध्ये तो कुठे होता, कुणी पाहिलं, कोणत्या दुकानाचा कॅमेरा त्या बाजूला आहे, हे लवकर सांगा. अनेक ठिकाणी कॅमेऱ्यातली नोंद काही दिवसांत पुसली जाते. अर्ज फेटाळला तर खचू नका. परिस्थिती बदलली, अहवाल आला, मुख्य साक्षीदार तपासून झाला, की पुन्हा अर्ज करता येतो. मात्र आधीचे अर्ज लपवू नका. आणि जामीन मिळाला तर साक्षीदाराच्या घराकडे पाऊलही टाकू नका. अटी मोडल्या की जामीन रद्द होतो.

मृताच्या घरच्यांनो, जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. आरोपी बाहेर असतानाही शिक्षा होऊ शकते. तुमची ताकद साक्षी टिकवण्यात आहे. साक्षीदाराला धीर द्या, तारखेला सोबत जा, धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. सरकारी वकिलांना भेटा, अहवाल आला का विचारा. साखळी कोर्टात तुटते ती बहुतेक वेळा अशाच न विचारलेल्या प्रश्नांमुळे.

आणि माझ्या तरुण वकील मित्रांनो, जामिनाच्या अर्जात वीस निकालांची यादी लावण्याआधी एक पान करा. डावीकडे कडी, उजवीकडे ती आज कुठल्या कागदावर आहे. न्यायाधीशांपुढे रोज अर्जांचा ढीग असतो. ते पान त्यांना उपयोगी पडेल, मग निकाल कुणाच्याही बाजूने लागो.

तुमचे प्रश्न जरूर लिहून पाठवा. चालू खटल्यांतली नावं मात्र लिहू नका.